हा टोमॅटो कितीला पडला?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि टोमॅटोची कोशिंबीर सगळ्यांपुढे फिरवली. फिरवताना "घरचे टोमॅटो आहेत हं!" असे म्हणायला मी विसरलो नाही. किंबहुना तेवढे म्हणता यावे म्हणूनच कोशिंबीर आणली होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई "अय्या, खरंच?" म्हणाल्या, शिपायाने दोन चमचे वाढून घेतले, आणि आमच्या हेडकॅशियरनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले,

"हा टोमॅटो तुम्हाला कितीला पडला हो?"

माणसाने नवा शर्ट घातला की कापड चिमटीत धरून "केवढ्याला?" असे विचारणारी एक जात आपल्याकडे आहे. हेडकॅशियर त्या जातीचे मुकुटमणी. पण प्रश्न बिनतोड होता. मी बी. कॉम. माणूस. गेली एकवीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब पैशापर्यंत जुळवतो, आणि स्वतःच्या टोमॅटोची किंमत मला ठाऊक नव्हती! घास घशात अडकला. त्या रात्री जेवण झाल्यावर मी धाकटीच्या जुन्या वहीची कोरी पाने फाडली आणि बागेचे खाते काढले.

जमाखर्च असा निघाला. नावे बाजूला: कुंड्या बारा, 1080 रुपये, माती आणि शेणखत 600, ती तिसऱ्या मजल्यावर चढवण्याची हमाली 200, बियाणे 150, बांबू आणि सुतळी 140, निंबोळी अर्क 120, आणि माती कालवताना फुटलेली बादली 180. (ही शेवटची रक्कम घरखर्चात टाकावी असे माझे मत होते. आमच्या हिने त्याला सक्त हरकत घेतली.) एकूण 2470. जमा बाजूला: टोमॅटो सतरा, भेंड्या तेवीस, मेथी दोन जुड्या, मिरच्या मूठभर आणि वांगे एक. वांगे हा शब्द मी आयुष्यात प्रथमच इतक्या काटेकोर एकवचनात वापरला.

दुसऱ्या दिवशी हेडकॅशियरनी तो कागद पाहिला. मालाची बाजारभावाने 140 रुपये किंमत केली, आणि 2330 रुपये तोटा अशी लाल शाईने नोंद केली. मी म्हटले, "अहो, कुंड्या हा भांडवली खर्च आहे. तो एकाच वर्षाच्या माथी कसा मारता? पाच वर्षांवर पसरा." त्यांनी पसरला. तोटा 1466 वर आला. "तरीही तोटाच!" असे म्हणून त्यांनी चष्मा खाली घेतला. "आणि सगळा खर्च त्या सतरा टोमॅटोंवर टाकलात तर नगाला 145 रुपये 29 पैसे. कोशिंबीर छान होती हो, पण परवडत नाही."

तेव्हापासून माझे या "परवडत नाही"वाल्यांशी भांडण आहे. आजवर ते डब्यापुरते होते, आज जाहीर करून टाकतो.

पहिला मुद्दा. हा हिशेब भाजीलाच का? हेडकॅशियर स्वतः दर रविवारी गंगापूर रस्त्याला फिरायला जातात आणि वाटेत मिसळ खातात. त्या फिरण्याचा दर पावलाला किती खर्च पडतो, असे त्यांना कोणी विचारले आहे काय? त्यांचे चिरंजीव तीन वर्षे गिटार शिकताहेत. दर सुराला किती पडले? (सूर अजून एकच लागतो, म्हणजे भागाकार सोपा आहे.) गणपतीच्या मखरावर, दिवाळीच्या फटाक्यांवर, जावयाच्या आहेरावर खर्च झाला की कोणी ताळेबंद मांडत नाही. माणसाने पत्ते कुटले तर ती करमणूक, क्रिकेटचा सामना पाहत दिवस काढला तर तो विरंगुळा. पण कुंडीत चार मेथीचे दाणे टाकले की लगेच तो धंदा, आणि धंदा म्हटला की तो तोट्यात!

आता या भांडणात मला माझ्याच बाजूच्या काही मंडळींचाही बंदोबस्त केला पाहिजे. घरच्या भाजीची चव काही वेगळीच असते, असे डोळे मिटून सांगणारे भक्त आहेत ना, ते. माझ्या त्या एकुलत्या एक वांग्याची भाजी आम्ही चौघांनी वाटून खाल्ली. छातीवर हात ठेवून सांगतो, ती वांग्याच्या भाजीसारखीच लागली. शिवाय ही मंडळी सगळे कसे आपोआप उगवते असे सांगून भोळ्या जनतेला फशी पाडतात. आपोआप उगवते ते गवत! बाकी प्रत्येक गोष्टीवर कोणी ना कोणी टपलेले असते. भेंडीला चार पाने फुटली की मावा येतो. मावा गेला की पांढरी माशी येते आणि जाताना हळद्या रोग ठेवून जाते. मग पानांच्या शिरा अशा पिवळ्याधमक होतात की वाटावे, झाडाला हळद लागली. त्यावर उपाय म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने "परभणी क्रांती" नावाचा वाण काढला, हे मला झाड उपटून टाकल्यावर कळले. वांग्याच्या शेंड्यात अळी शिरते, शेंडा मान टाकतो, तीच जात पुढे फळातही शिरते. टोमॅटोला पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस नाही असे घातले, की झाडाला चुना नीट पोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. आम्ही चार दिवस हिच्या माहेरी जाऊन आलो तेव्हा नऊ टोमॅटो असे बुडाले. अक्षरशः बुडाले.

आणि भेंडी! भेंडी कधी एकदम लागत नाही. सोमवारी एक, बुधवारी दोन, शुक्रवारी पुन्हा एक. चार माणसांची भाजी होईपर्यंत ती फ्रिजमध्ये साठवत बसायचे. तोवर सोमवारची भेंडी वाळून काडी होते, आणि तोडायची राहून गेलेली झाडावर इतकी जून होते की सुरी चालत नाही. आमच्याकडे रिकरिंग डिपॉझिटचे खाते असते, त्यात निदान मुदतीअखेर व्याज मिळते.

तेव्हा काळज्या आहेत. नाहीत असे मी म्हणत नाही. पण आता दुसरा मुद्दा, आणि तो पोरांचा आहे.

आमची धाकटी तिसरीत आहे. पहिल्या वर्षी तिने एका कुंडीत धने पेरले. धने जरा रगडून, दोन दले वेगळी करून पेरावे लागतात, आणि उगवायला ते आठ-दहा दिवस सहज घेतात. एवढा धीर कुठला? तिसऱ्या दिवशी तिने माती उकरून पाहिली. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी सगळे धने बाहेर काढून मोजले आणि पुन्हा पुरले. इतके इन्स्पेक्शन झाल्यावर आमची ब्रँचसुद्धा उगवली नसती! अर्थात कुंडी रिकामीच राहिली. पोरगी रडली. दुसऱ्या खेपेला तिने काय केले, तर कुंडीवर पाटी लावली: "बाबांनी उकरू नये." स्वतः मात्र हात मागे बांधून दिवसातून चार वेळा नुसती पाहून जाई. नवव्या दिवशी सकाळी सहाला तिने सगळे घर उठवले. मातीला भेगा पडल्या होत्या आणि त्यातून हिरवे टोक डोकावत होते. बटण दाबले की चित्र हलते अशा जगात वाढणाऱ्या पोरीने एका गोष्टीसाठी नऊ दिवस वाट पाहिली. हेडकॅशियरसाहेब, हे कुठल्या रकान्यात मांडू?

त्याच वर्षी शाळेने "परसबाग" हा प्रकल्प दिला. मी हरखलो. मुलीने मेथीची छोटी कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून नेली. दुपारी ती तशीच परत आली. माती सांडेल म्हणून वर्गात घेतली नव्हती. परसबाग चार्टपेपरवर काढायची होती, भाज्यांची चित्रे छापून आणून डिंकाने चिकटवायची होती. तशी चिकटवली. दहापैकी नऊ गुण मिळाले. एक गुण डिंक ओघळला म्हणून गेला.

आता यातली गंमत पाहा. आमच्या भागात गल्लोगल्ली किंडरगार्टन आहेत. या शब्दाचा अर्थच मुळी मुलांची बाग. फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थाने 1837 साली लहान मुलांसाठी शाळा काढली, 1840 साली तिला हे नाव दिले, आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असावा असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, खडे हीच शिक्षणाची साधने केली. एवढे सगळे होऊन आज किंडरगार्टनच्या अंगणात काय असते? सिमेंटचे ठोकळे. आणि ठोकळ्यांच्या फटीतून चुकून एखादे रोप वर आले, तर ते उपटायला महिन्याच्या पगारावर माणूस. बाग नावात, आणि माती सांडेल म्हणून कुंडी परत!

मातीशिवाय न शिकवता येणारे धडे असतात. दुधीचेच घ्या. गेल्या पावसाळ्यात आम्ही गच्चीवर दुधी लावला. वेल कठड्यावर चढला, पांढरी फुले आली, आणि एकही दुधी धरेना. चौकशी केली तेव्हा समजले की आधी येतात ती सगळी नरफुले. मादीफुले मागाहून येतात, आणि त्यांच्या देठाशी करंगळीएवढा दुधी जन्मापासूनच असतो. पण परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. फूल उमलते संध्याकाळी, पतंगांच्या वेळेला. आमच्या गच्चीवर पतंग येत ते संक्रांतीचे. तेव्हा मध्यस्थी आम्हालाच करणे भाग होते. सायंकाळी सातच्या सुमारास मी, धाकटी आणि टॉर्च असे वर जायचो. नरफूल तोडायचे, पाकळ्या मागे सारायच्या, आणि मादीफुलाला ते हलकेच टेकवायचे. पोरीने विचारले, "बाबा, हे लग्न का?" मी म्हटले, "हो, गोरज मुहूर्तावरचे." पाच लग्ने लावली. चार मोडली. पाचव्या वेलीवरचा पाळणा हलला.

आणि नेमका तेव्हाच सोसायटीचा फलक झळकला. "गच्चीवरील सर्व कुंड्या आठ दिवसांत हलवाव्यात."

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सहा म्हणून आमचा दुधी चर्चेला आला. चेअरमन म्हणाले, गच्ची गळते. सेक्रेटरी म्हणाले, डास होतात. तळमजल्यावरचे एक सभासद म्हणाले, इमारतीला वजन पेलणार नाही. तळमजल्याला वजनाची काळजी का, हे मला अजून उलगडलेले नाही. आता खरे सांगायचे तर यात तथ्य नव्हते असे नाही. घनफूटभर ओली माती चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या घरात जाते, आणि कुंडीखाली सतत ओल राहिली तर स्लॅब रुसतोच. पण त्याला तोड आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी "विपुलाच सृष्टी"मध्ये आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने प्रत्यक्षात किती दाखवून दिले आहे! माती थोडी, कुजवलेला पालापाचोळा जास्त, म्हणजे कुंडी हलकी. खाली विटा ठेवा, म्हणजे स्लॅब कोरडा. मी हे सांगायला उभा राहिलो, तर सगळे घड्याळाकडे पाहू लागले. चहा आला होता.

शेवटी कोणी काय विचारावे? "एवढं करून भाजी निघते किती? बाजारात दहा रुपयांना मिळते की!"

म्हणजे पुन्हा तेच. गळती, डास, वजन हे सगळे वरवरचे. पोटातले दुखणे हेच होते. मला वाटते, गच्चीवर नुसती अडगळ टाकली असती, मोडकी सायकल, फुटका कूलर, तर कोणी विषय काढला नसता. तिथे आजही त्या दोन्ही वस्तू आहेत. त्या उगवत नाहीत, वाढत नाहीत, फळत नाहीत, म्हणून कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत.

ठराव मंजूर झाला. तेव्हा मी जे केले ते मला शोभणारे नव्हते. रोज काउंटरवर "मुदत संपली, आता काही करता येणार नाही" असे शंभर जणांना सांगणाऱ्या मी, हात जोडून मुदतवाढ मागितली. म्हटले, "एक दुधी बोटाएवढा आहे. दोन आठवड्यांत तयार होतो. नियमाच्या वर फक्त सात दिवस द्या." सभेत शांतता पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या सभेत कधीच बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "अहो, पोटुशीला कोणी घराबाहेर काढतं का?" सात दिवस मिळाले. पुढे कोणत्याही कारणास्तव वाढवून मिळणार नाहीत, या अटीवर.

दुधी वेळेत आला. हलवा झाला, घरोघरी वाटी गेली. चेअरमननी वाटी रिकामी करून परत पाठवली आणि बरोबर निरोप: हलवा उत्तम, ठराव कायम. आता आमच्या बारापैकी सहा कुंड्या गॅलरीत आहेत, बाकीच्या सहा आजींच्या. त्या कधी मागून नेल्या ते मला कळलेदेखील नाही.

आता तिसरा आणि शेवटचा मुद्दा. इथे मी हेडकॅशियरना एकदम मान्य करून टाकतो की त्यांचा हिशेब बरोबर आहे. टोमॅटो मला 145 रुपये 29 पैशांना पडला. घरी भाजी पिकवणे परवडत नाही. पण मग असे पाहा की जे मला बारा कुंड्यांत परवडत नाही, ते पिंपळगावकडच्या शेतकऱ्याला दोन एकरांत कसे परवडते? त्याला रोपे विकत घ्यावी लागतात, बांबू-तार लागते, ठिबक लागते, फवारणी लागते, तोडणीची मजुरी लागते, क्रेट, गाडीभाडे, हमाली लागते. मावा त्यालाही ओळखतो. आणि माझा पगार महिनाअखेरीला खात्यात पडतो, तसा त्याला कोणी पाठवत नाही. 2023 च्या जुलै-ऑगस्टात टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला दीडशेच्या पुढे गेला. तेव्हा कोण आरडाओरडा झाला! आमचे शेजारीपाजारी माझ्या तीन झाडांना भेटायला गच्चीवर येत आणि आवाज खाली आणून बोलत, सराफाच्या दुकानात बोलतात तसे. पुढच्याच महिन्यात घाऊक भाव असे कोसळले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. तेव्हा मात्र कोणी हेडकॅशियर चष्मा वर करून विचारायला गेले नाहीत, की बाबा, तुला हा टोमॅटो कितीला पडला?

तो प्रश्न तिथे विचारायचा असतो. आणि तो विचारण्याची अक्कल मला वाणिज्य शाखेच्या पदवीने दिली नाही, काळ्या बुडाच्या नऊ टोमॅटोंनी दिली. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातच विठोबा भेटला असे सांगतात. माझी तेवढी योग्यता नाही. मला कुंडीत फक्त माझा गाढवपणा भेटला. पण तोही इतकी वर्षे बाजारात पिशवी घेऊन हिंडताना भेटला नव्हता.

परवा संध्याकाळी धाकटीला घेऊन भाजीला गेलो. मेथी लावलेली होती. मी विचारले, "मावशी, कशी दिली?"

"पंधराला जुडी, भाऊ."

मी तीन जुड्या उचलल्या आणि पंचेचाळीस रुपये दिले. मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. गेली दहा वर्षे मी त्यांच्याकडे पंधराची जुडी बाराला मागत आलो आहे, वर कढीपत्ता फुकट. त्यांनी पैसे दोनदा मोजले, नोट उजेडात धरून पाहिली, आणि काळजीने विचारले, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

वाटेत धाकटी गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, आपली गॅलरीतली मेथी बाजारात नेली तर किती देतील?"

नाशिकच्या बाजारात पालेभाजीचा लिलाव शेकड्याच्या भावाने होतो. गाड्या खूप आल्या की जुडीमागे काय उरत असेल, याचा मी मनात अंदाज केला. "तीन-चार रुपये देतील," मी म्हटले.

"मग मी नाही देणार," ती म्हणाली. "रोज पाणी घातलंय मी."

"शेतकऱ्याला तसं म्हणता येत नाही, बाळ. तो गाडी भरून घेऊन आलेला असतो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने पिशवीतली एक जुडी सोडली, मांडी घालून बसली, आणि एक पान वाया न घालवता निवडू लागली. एरवी या कामाला तिला तीन हाका माराव्या लागतात. आतून आमच्या हिने विचारले, "अहो, कितीला मिळाली?"

मी सांगितले.

"आणि तुम्ही तशीच घेतलीत? भाव न करता?" ती हात पुसत बाहेर आली. "काय हो, बरं नाही का वाटत तुम्हाला?"